मारुतीचा डोळा

"भाऊजी, सात नंबरचा कॅमेरा गेला वाटतं," वैजयंता म्हणाली. "सगळं पांढरं दिसतंय."

मी चष्मा पुसून पाहिलं. मग पडदा पुसून पाहिला. आमच्या नियंत्रण कक्षात बिघाड शोधायची हीच पद्धत होती आणि निम्म्या वेळा तिचा उपयोगही व्हायचा. पडदा पांढराच राहिला. तेवढ्यात सहा नंबर पांढरा झाला, आणि पाच नंबरच्या पडद्यावरचा दरीकडचा कठडा एकेक खांब करून आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होऊ लागला.

"कॅमेरा नाही गेला," मी म्हणालो. "घाट गेला."

दसऱ्याचा दिवस होता. दुपार कलली होती. चिरेखिंडीच्या घाटात त्या दिवसांत हे व्हायचंच. कोकणातून ढग दरीवाटे वर चढतात आणि कुणाला न विचारता रस्त्यावर येऊन बसतात. गंमत अशी, की आमच्या खिडकीबाहेर पठारावर लख्ख ऊन, झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या नव्या नवरदेवासारख्या सुसाट चाललेल्या. आणि मैलभर पुढे, घाटाच्या पहिल्या वळणाखाली, स्वतःचा हात स्वतःला दिसू नये असं धुकं. उन्हातून येणाऱ्याला पुढच्या धुक्याची कल्पना कशी यावी? म्हणून तर आमच्या इमारतीसमोर रस्त्यावर कमान टाकून तो मोठा फलक बसवला होता. पुढे धुकं असेल तर फलक आपोआप सांगणार, पाऊस असेल तर आपोआप सांगणार. त्या वेळी तो पिवळ्या अक्षरांत आपोआप सांगत होता : 'मार्ग निर्धोक. वेग ८०. दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा.'

"बदलला नाही अजून," वैजयंता म्हणाली.

"बदलेल. विचार करत असेल."

वायरलेस सेट खरखरला. "कंट्रोल, कंट्रोल, पेट्रोल दोन बोलतोय. चहा टाकला का?"

पेट्रोल दोन म्हणजे गस्तीची गाडी. ती चालवायचा गोरख, माझा धाकटा भाऊ. कंट्रोल म्हणजे वैजयंता, त्याची बायको. आणि या दोघांचा साहेब म्हणजे मी. एकाच घरातले तिघं एका रस्त्यावर कसे, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता. रस्ता आमच्या शेतातून गेला तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली. आम्ही दोघा भावांनी तत्काळ भांडण करून वेगळ्या चुली मांडल्या आणि दोन नोकऱ्या घेतल्या. नफ्यात गेलेली ही पंचक्रोशीतली एकमेव भाऊबंदकी. वैजयंताला मात्र नोकरी परीक्षा देऊन मिळाली होती, त्यामुळे काम तिला एकटीलाच येत होतं.

"बोला पेट्रोल दोन," ती म्हणाली. सेटवर ती त्याला नवरा समजायची नाही.

"दुसऱ्या वळणावर मिनीबस बंद पडलीय. बचत गटाच्या बाया आहेत. क्लच प्लेट गेली. मधल्याच लेनमध्ये, अगदी पाट मांडून बसल्यासारखी. मी मागे गाडी लावलीय, दिवे चालू आहेत, शंकू ठेवलेत. पण इथे धुकं असं आहे, की मलाच माझी गाडी दिसत नाही. एका अर्थी बरंच, गेल्या महिन्याचा पोचाही दिसत नाही."

गोरखच्या विनोदांना हसू यायचं नाही. सवय व्हायची.

"बायांना उतरवून डोंगराकडच्या कठड्यावरून वर नेतोय," तो पुढे म्हणाला. "वेळ लागेल. दोघी फार म्हाताऱ्या आहेत, आणि एक बाई पापडांचं पोतं सोडून यायला तयार नाही. वरती फलक लागला ना? गाड्या लई जोरात येताहेत. दोन आत्ताच अंगावरून गेल्यासारख्या गेल्या."

वैजयंतानं खिडकीतून फलकाकडे पाहिलं. फलकानं तिला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

"लागतोय," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, बटण दाबायचं आणि फलक लावायचा, त्यात काय! बटण पूर्वी होतं. पण आमच्याआधी तिथे एक पाळीप्रमुख होऊन गेला, त्याच्या मेव्हण्याची घाटाच्या तोंडाशी भज्यांची टपरी. मेव्हण्याचा घाणा तापला, की हा वर 'पुढे दाट धुके' असं लावायचा. लोक बिचारे घाबरून थांबायचे आणि धुकं निवळेपर्यंत भजी खायचे. वैशाखातसुद्धा. पुढे चौकशी बसली आणि निष्कर्ष निघाला, की माणूस आला की वशिला आला. सबब यंत्रणेतून माणसाचा हात काढून टाकण्यात यावा. बटण काढलं. त्या जागी एक गोल झाकण बसवलं. त्या झाकणावर आम्ही चहाचा कप ठेवत असू.

वैजयंतानं टोलनाक्याला फोन लावला. नाका दूर मागे. तिथे गाड्या अडवल्या तरी अलीकडे निघून आलेल्या गाड्यांना कोण अडवणार? महामार्ग पोलिसांची जीप खालच्या गावात मिरवणुकीच्या बंदोबस्ताला होती. "निघालोच," ते म्हणाले. मागून ढोल इतके जवळ वाजत होते, की ते कुठून निघाले ते आम्हाला नीट कळलं.

मी वैजयंताची लाल ओढणी घेतली आणि रस्त्यावर धावलो. फलकाखाली कडेला उभा राहून दोन्ही हातांनी ओढणी हलवायला लागलो. ओरडत होतो, "थांबा! पुढे धुकं आहे! थांबा!"

गाड्यांनी वेग वाढवला.

मला आधी कळेना. मग कळलं. नवरात्राचे दिवस. नऊ दिवस प्रत्येक गावच्या मंडळानं असंच रस्त्यावर येऊन, असंच लाल फडकं हलवून वर्गणीसाठी गाड्या अडवल्या होत्या. ओरडणारा माणूस दिसला की काच वर करून पळायचं, हे सगळ्या ड्रायव्हरांच्या अंगवळणी पडलेलं. एका दयाळू माणसानं खिडकीतून नाणं फेकलं. एक ट्रकवाला मात्र हळू झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वर फलकाकडे पाहिलं, वाचलं, आणि मला हात जोडून गेला. दोघांतला कोण खोटं बोलतोय हे ठरवायला त्याला फार विचार करावा लागला नाही.

मी धापा टाकत आत आलो. वैजयंतानं फोन माझ्या हातात दिला. "कुलथे साहेब आहेत."

कुलथे म्हणजे ज्या कंपनीनं यंत्रणा बसवली तिचा इंजिनिअर. भला माणूस. सासुरवाडीला सोनं लुटायला गेला होता.

"वाळंज, यंत्राचा आकडा काय दाखवतोय?" त्यानं विचारलं.

"दृश्यता दोन हजार मीटर."

"आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात गोरखला गोरख दिसत नाही."

"डोळ्यावर काहीतरी बसलंय. कोळ्याचं जाळं, पक्ष्याची घाण, काहीतरी. तुम्हाला मी सांगितलं होतं ना ते कसं चालतं?"

सांगितलं होतं. यंत्र घाटाच्या तोंडाशी टेकडीवर, एका खांबावर बसवलेलं होतं. त्याला दोन हात पुढे आलेले. एका हातातून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो. दुसऱ्या हाताला डोळा आहे. पण तो उजेडाकडे सरळ बघत नाही, जरा बाजूला तोंड करून बसतो. हवा स्वच्छ असेल तर उजेड आपल्या वाटेनं निघून जातो, डोळ्याला काहीच दिसत नाही. धुकं असेल तर धुक्याचे थेंब तो उजेड इकडेतिकडे उधळतात आणि त्यातला थोडा डोळ्यात जातो. जितका जास्त उजेड, तितकं दाट धुकं. म्हणजे या डोळ्याला काहीच दिसलं नाही, की तो वर कळवतो : सगळं ठीक आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कुलथेला म्हणालो होतो, की अशी माणसं आमच्या मुख्य कार्यालयात पुष्कळ आहेत, यंत्र कशाला विकत घेतलं?

आता मात्र मला सकाळ आठवली.

"कुलथे साहेब," मी म्हणालो. "शेंदूर."

"काय?"

"दसरा आहे ना. सकाळी शस्त्रपूजा केली. सगळ्या यंत्रांना गंध, फूल, अक्षता. टेकडीवर गोरख गेला होता. त्या यंत्राला तो मारुती म्हणतो. वाऱ्यापावसाची खबर आणणारा, म्हणून वायुपुत्र. आणि मारुती म्हटल्यावर..."

"कुठे लावला?"

"डोळ्यालाच लावला असणार. मी खालून ओरडलो होतो, 'अरे, नीट लाव, देवाला कमी पडू देऊ नकोस.' "

पलीकडे कुलथेच्या सासुरवाडीतली पोरं टिकल्या फोडत होती. तो म्हणाला, "यंत्रानं सकाळीच तक्रारीची मेल पाठवलीय कंपनीला. मला आत्ता दिसतेय. सुट्टी आहे आज." मग एकदम त्याचा आवाज बदलला. "वाळंज, पळा. वर जा. पुसून बघा. नाहीच निघालं, तर एक करता येईल. दोन्ही हातांची तोंडं जिथे एकमेकांना मिळतात ना, मधल्या हवेत, तिथे काहीतरी पांढरं धरा. उजेड त्याच्यावर आपटून डोळ्यात घुसेल. शेंदरातूनसुद्धा घुसेल. यंत्राला वाटेल, दाट धुकं आहे. पण सलग धरावं लागेल. ते दहा मिनिटांची सरासरी काढतं. मध्ये हात काढलात, की आकडा परत चढायला लागेल."

"दादा," सेटवर गोरखचा आवाज आला. तो सेटवर मला कधी दादा म्हणत नसे. "दादा, फलकाचं काय झालं? आत्ता एक ट्रक शंकू घेऊन गेला."

मी पळालो.

रस्ता टेकडीला लांब वळसा घालून घाटात उतरायचा, पण इमारतीच्या मागून टेकडीवर सरळ पायवाट होती. अर्ध्या वाटेवर ऊन संपलं आणि पांढऱ्या अंधारात मी शिरलो. खांब मला दिसला नाही, आपटला. वर चढायला लोखंडी पायऱ्या होत्या. पोटाला खांब बांधल्यासारखा मी वर पोचलो आणि मारुतीरायाचं दर्शन झालं. गोरखनं काही कमी पडू दिलं नव्हतं. एका हाताला शेंदूर, दुसऱ्या हाताला शेंदूर; आणि डोळ्याच्या काचेवर तर तेलात कालवून, तर्जनीनं गोल फिरवून, असा थापला होता, की एखाद्या जागृत देवस्थानालाही हेवा वाटावा.

दसऱ्याचा नवा सदरा होता. त्याच्या बाहीनं मी ती काच पुसली. जीव खाऊन पुसली. थुंकी लावून पुसली. बाही शेंदरी झाली. पळतानाच वैजयंताला लावलेला मोबाइल विजारीच्या खिशात, स्पीकरवर चालूच होता.

"वैजयंता, आकडा?"

"मगाशी दोन हजार होता. आता दोन हजार शंभर झालाय."

मी काचेवरचा थर काढला नव्हता, नीट पसरवला होता.

खाली, माझ्या पायांच्या अगदी बुडाशी, घाटाचं ते वळण होतं. दिसत काहीच नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं. एक गाडी आली, जोरात, तिचे ब्रेक किंचाळले, कुणीतरी बाई ओरडली, गाडी निघून गेली. मग गोरखचा आवाज, "ए मावशे, पोतं सोड! पापड परत लाटता येतात!" मग दुसरी गाडी.

पांढरं काय आणू? सदरा शेंदरी झालेला. मी सदरा काढला आणि तसाच खाली टाकला. आत बनियन होतं. सणाचं धुतलेलं, निळीत बुडवलेलं. ते काढलं, हाताच्या पंजाला गुंडाळलं, आणि एक हात खांबाला घालून दुसरा त्या दोन तोंडांच्या मधल्या रिकाम्या हवेत धरला. सरकारनं लाखो रुपये खर्चून जिथून माणसाचा हात काढून टाकला होता, तिथेच.

"आकडा?"

"एकोणीसशे."

"आता?"

"भाऊजी, हलवू नका. सोळाशे. उतरतोय. हात हलला की थांबतो. हलवू नका!"

"फलक?"

"निर्धोकच आहे अजून. दोनशेच्या खाली गेल्याशिवाय नाही बदलणार. चौदाशे."

पठारावरून एक टेम्पो येत होता. त्याचं इंजिन मला फार लांबून ऐकू यायला लागलं. रिकामा टेम्पो जसा आवाज करतो तसा, पत्रे वाजवत, गाणं लावून. तो निर्धोक फलकाखालून गेला असणार. वेग जराही कमी झाला नाही. माझा हात त्या यंत्रात होता. टेम्पो टेकडीखाली आला, वळणात शिरला, आणि ब्रेक लागायच्या आधीच धडाका झाला. पत्रा फाटला. मग काच फुटली. ती बराच वेळ फुटत होती. गाणं चालूच होतं.

"गोरख!" मी ओरडलो. "गोरख!"

खालून बायांचा कालवा उठला होता. त्यात त्याचा आवाज मला सापडेना.

"वैजयंता! टेम्पो धडकला! त्याच्या गाडीला धडकला! बोलव त्याला!"

"एक मिनिट," ती म्हणाली.

ते एक मिनिट मी कधी विसरलो नाही. मोबाइलमधून तिचा सेटवरचा आवाज येत होता. "पेट्रोल दोन, कंट्रोल बोलतेय. पेट्रोल दोन." मग काहीच नाही. बहुधा तिनं मोबाइल दूर ठेवला असावा. मी पायरीवरून एक पाय खाली टाकला. हात मात्र अजून वर होता. तो आपोआपच राहिला होता, त्याचं श्रेय मी घेत नाही.

"भाऊजी," तिचा आवाज आला. नेहमीसारखा, बसचं वेळापत्रक सांगावं तसा. "बोलले. टेम्पो आपल्या गाडीला लागला. हे गाडीत नव्हते. वर आहेत बायांबरोबर."

"लागलंय का?"

"खरचटलंय म्हणाले."

"मी खाली जातो."

"हे म्हणतात, दादाला सांग, हात काढायचा नाही. अजून म्हाताऱ्या बाया कठड्याशीच आहेत. टेम्पो आडवा झालाय. मागून जी गाडी येईल ती सरळ त्यांच्यात घुसेल. सहाशे झालाय, भाऊजी. हलू नका."

मी पाय परत वर घेतला.

चारशे. तीनशे. ती आकडे सांगत होती, मी बनियन धरून होतो. आणि मग ती म्हणाली, "बदलला." फक्त एवढंच. पठारावर उन्हात, कमानीवर, पिवळं जाऊन लाल अक्षरं आली होती : 'पुढे दाट धुके. वेग ३०.' मला ती दिसली नाहीत. पण पुढची गाडी टेकडीखाली आली तेव्हा तिचं इंजिन खालच्या गिअरमध्ये कण्हत होतं. चालली होती अशी, की जणू आत बाळंतीण बसलीय. मग तिच्यामागे दुसरी, तशीच. मग रांगच.

मी रडायला लागलो होतो, पण नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर किती वेळ गेला, मला विचारू नका. दंड आधी दुखला, मग बधिर झाला, मग तो दुसऱ्या कुणाचा तरी झाला. उघड्या अंगावर ढगाचं पाणी साचून पाठीवरून ओघळत होतं. पोलिसांची जीप खालच्या अंगानं निघाली होती आणि घाटात अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत सापडली होती. ती येऊन रस्ता बंद करेपर्यंत फलक लाल राहायला हवा होता, आणि फलक लाल राहायला मी तिथे राहायला हवा होतो. दर थोड्या वेळानं मला वाटे, पुरे झालं, आता खाली जाऊन भावाला डोळ्यांनी बघावं.

"वैजयंता, त्याचा आवाज का येत नाही मला? इथून मगाशी स्पष्ट येत होता."

"वळणाच्या पलीकडे गेलेत, भाऊजी. वारा इकडून तिकडे आहे."

"त्याला सांग, एकदा ओरड म्हणावं."

थोडी शांतता. मग, "हे म्हणतात, ओरडायला मी काय वर्गणी मागतोय?"

मी हसलो. उघडा, गारठलेला, खांबाला लटकलेला मी फिदीफिदी हसलो. "आणि काय म्हणतोय?"

"म्हणतात, दादाचा हात आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामाला लागलाय. लगेच काढू नका म्हणावं, सवय होऊ दे."

"नालायक आहे."

"हो."

"विचार, भूक लागली का?"

पुन्हा शांतता. "म्हणतात, बावीस बाया आणि पोतंभर पापड आहेत. फक्त कुणी तळून देत नाही."

असं चाललं होतं. मी हात काढतो म्हणालो की गोरखचा एक निरोप यायचा. एकाहून एक फुसके. पण प्रत्येक निरोपावर मला आणखी थोडा वेळ हात धरून ठेवायचं बळ यायचं. मधूनच ती खूप वेळ गप्प व्हायची. मी विचारायचो, "काय गं?" ती म्हणायची, "फोन आला होता दुसरा."

शेवटी, ढग काळा पडायला लागला तेव्हा, मोबाइलमधून एक विचित्र आवाज आला. खाकरल्यासारखा. मग ती म्हणाली, "भाऊजी, हात काढा. जीप आली. रस्ता बंद केलाय. सापडले... आणताहेत यांना इकडे."

'सापडले' म्हणाली, ते मी ऐकलं. पण दमली असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल असं वाटलं. हात काढायचा म्हटलं तर निघेना. दुसऱ्या हातानं तो उचलून बाहेर आणावा लागला.

या प्रकरणाचा पुढे अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की त्या सायंकाळी यंत्रणेनं दाट धुकं अचूक ओळखलं, योग्य वेळी इशारा दिला, आणि हे सर्व मानवी हस्तक्षेपाविना घडलं. आमच्या वरिष्ठांना त्याबद्दल मानपत्र मिळालं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, कारण खांबावरच्याच कॅमेऱ्यानं एक इसम उघड्या अंगानं सरकारी खांबावर चढलेला टिपला होता. मी कारणं दाखवली नाहीत. कुणाला दाखवणार? आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पण त्या संध्याकाळचं मी सांगतोय ते त्यासाठी नाही.

मी कक्षात आलो तेव्हा गोरख खुर्चीवर बसलेला होता. एक खांदा खाली गेलेला, हात कुठल्याशा बाईच्या जांभळ्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधलेला, कपाळावर रक्त वाळलेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. पण तो होता. समोर कपात चहा होता. वैजयंता तिच्या जागेवर, कानांवर तो माइकचा पट्टा तसाच, पडद्याकडे तोंड करून बसली होती.

"दादा, तुझा सदरा कुठाय?" गोरख म्हणाला. "बाईमाणूस आहे इथे."

मी त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"शेवटच्या म्हातारीला कठड्यावर चढवत होतो," तो सांगायला लागला. "टेम्पो आला आणि गाडी माझ्या अंगावर ढकलली. मी उडालो आणि कठड्यालगतच्या खोल घळीत पडलो. बऱ्याच वेळानं शुद्ध आली. बघतो तर वर बाया माझ्या नावानं रडताहेत. त्या पापडवालीनंच लुगड्याची दोरी करून मला वर ओढला. म्हाताऱ्या सगळ्या सुखरूप. टेम्पोवालाही वाचला, नुसता थरथरतोय. गाडीचा मात्र चक्काचूर."

"पण खरचटलंय म्हणालास ना सेटवर," मी म्हणालो. "हाड मोडलं ते सांगायचं नाही होय?"

"कुठल्या सेटवर?"

"सेटवर. निरोप देत होतास मघापासून. वर्गणी काय, पापड काय..."

"दादा, सेट गाडीत होता. गाडीत आता सेट कुठला आणि सीट कुठली, तेसुद्धा कळत नाही. मी कशाला निरोप देईन? मी घळीत पडलो होतो."

मी वैजयंताकडे पाहिलं. ती वळली नाही.

"तुम्ही हात काढून खाली धावला असता, भाऊजी," ती पडद्याला म्हणाली.

"धावलो असतो."

"मागे गाड्यांची रांग होती. बाया कठड्याशी होत्या. आणि हे..." ती थांबली. "हे कुठे आहेत ते मला माहीत नव्हतं. रस्त्यावरच पडलेले असते तर?"

गोरखच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. डोक्याला मार लागलेला होता, आणि तसंही त्याला वेळ लागायचा. "म्हणजे त्या धडाक्यापासून तुला माझं काहीच कळलं नव्हतं?"

"नाही."

"जीप येईपर्यंत?"

"नाही."

"आणि तेवढा सगळा वेळ तू इथे बसून माझ्या नावानं विनोद करत होतीस?"

"करत होते."

"बरे तरी होते का?"

"वाईट होते," वैजयंता म्हणाली. "चांगले केले असते तर भाऊजींना संशय आला असता."

मग तिनं कानांवरचा पट्टा काढायला दोन्ही हात वर नेले. ओढला, पुन्हा ओढला, पण तिला तो निघेना. गोरख खुर्चीवरून उठला, कण्हत कण्हत तिच्या मागे गेला, आणि एका हातानं, केसांत अडकलेला तो पट्टा सावकाश सोडवत राहिला.